जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी छोटी स्क्रिप्ट

ग्रंथालयाच्या किंवा एखाद्या नियतकालिकाच्या जुन्या संगणकातून काढलेली फाइल नव्या संगणकावर उघडावी आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि अवतरणचिन्हे यांची खिचडी दिसावी, हा अनुभव जुने साहित्य जपणाऱ्या बहुतेकांना आलेला असतो. फाइल बिघडली, असे समजून ती टाकूनही दिली जाते. वास्तविक ती बिघडलेली नसते. कृतीदेव ०१० या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकलिखित केला, तर फाइलमध्ये साठवली जातात ती स्मॉल ई, जे, के, कॅपिटल बी आणि स्मॉल एच ही पाच रोमन अक्षरे. फॉन्ट त्यांना अनुक्रमे म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी यांची रूपे देतो, एवढेच. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा उतरतो आणि खालची रोमन अक्षरे उघडी पडतात.

युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाण पद्धत. तिच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली होती. पण विंडोजमध्ये देवनागरी नीट वापरता येऊ लागली ती विंडोज २००० पासून, आणि छपाईच्या व्यवसायात तर त्यानंतरही अनेक वर्षे श्रीलिपी, कृतीदेव, सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी मालिकेतील फॉन्ट यांवरच काम चालले. त्यामुळे त्या काळातील मराठी मजकुराचा मोठा साठा आजही अशा मुखवट्यांखाली आहे. त्यात शोध घेता येत नाही, तो संकेतस्थळावर चढवता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकांसाठी असलेली वाचनप्रणाली तो वाचू शकत नाही. तो सोडवून घेण्यासाठी पायथन या संगणकभाषेतील शंभर-दीडशे ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, पुरते. आज्ञांची वाक्यरचना पायथनच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडते. येथे भर आहे तो कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे आणि का, यावर, कारण या कामातील जवळजवळ सर्व चुका क्रमाच्याच असतात. उदाहरणे कृतीदेव ०१० ची घेतली आहेत. अन्य फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागा निराळ्या असल्या तरी पद्धत तीच राहते.

मजकूर बाहेर काढणे

सर्वप्रथम मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि स्क्रिप्टला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभाच देऊ नये. स्क्रिप्टने एका फोल्डरमधून वाचावे आणि दुसऱ्यात लिहावे.

फाइल जुन्या डॉक स्वरूपात असेल, तर लिब्रेऑफिसकडून ती आधी डॉकएक्समध्ये बदलून घ्यावी. खिडकी न उघडता, आज्ञारेषेवरून संपूर्ण फोल्डर एकाच वेळी बदलण्याची सोय त्यात आहे. डॉकएक्स फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप संच असतो आणि त्यातील एका एक्सएमएल फाइलमध्ये मुख्य मजकूर असतो. तो मजकूर परिच्छेदांत आणि प्रत्येक परिच्छेद ‘रन’ नावाच्या तुकड्यांत विभागलेला असतो. एक रन म्हणजे एकाच फॉन्टचा आणि एकाच स्वरूपाचा सलग भाग. आपल्याला नेमके हेच हवे आहे, कारण जुन्या मराठी लेखांत मधूनमधून खरीखुरी इंग्रजी नावे आणि पुस्तकांची शीर्षके असतात, आणि सरसकट रूपांतर केले तर त्यांची विचित्र मराठी अक्षरे होतात. म्हणून पायथन-डॉकएक्स या तयार आज्ञासंचाच्या (लायब्ररीच्या) साहाय्याने प्रत्येक रनचा फॉन्ट विचारावा, तो जुना मराठी फॉन्ट असेल तरच मजकूर रूपांतराकडे पाठवावा आणि एरवी जसाच्या तसा पुढे जाऊ द्यावा.

येथे तीन खड्डे आहेत. पहिला असा, की रनवर फॉन्टचे नाव पुष्कळदा नसतेच. ते परिच्छेदाच्या शैलीत असते, म्हणून रनकडून उत्तर मिळाले नाही तर शैलीला आणि तिच्याकडूनही नाही मिळाले तर मूळ शैलीला विचारावे लागते. दुसरा असा, की वर्ड एकाच शब्दाचे कोणत्याही दृश्य कारणाविना दोन रन करतो. ऱ्हस्व वेलांटी एका रनच्या शेवटी आणि तिचे व्यंजन पुढच्या रनच्या आरंभी, असे झाले की पुढची सर्व गणिते चुकतात. यासाठी एका परिच्छेदातील समान फॉन्टचे लागोपाठचे रन आधी जोडावेत आणि मगच रूपांतर करावे. तिसरा खड्डा म्हणजे तक्ते, चौकटी आणि तळटिपा. पायथन-डॉकएक्सला केवळ परिच्छेदांची यादी मागितली, तर यांतील काहीही हाती येत नाही. तक्ते निराळे मागावे लागतात, आणि तळटिपांसाठी झिपमधील त्यांची एक्सएमएल फाइल वेगळी उघडावी लागते. संशोधनपर नियतकालिकाच्या बाबतीत तळटिपा सुटणे म्हणजे अर्धा लेख सुटणे होय.

काही फॉन्ट चिन्हांचे फॉन्ट म्हणून बनवलेले असतात. अशा फाइलींतील अक्षरांचे क्रमांक रोमन अक्षरांच्या नेहमीच्या पट्ट्यात न सापडता युनिकोडच्या खासगी पट्ट्यात, एफ०२० ते एफ०एफएफ यांच्या दरम्यान, सापडतात. त्या प्रत्येकातून षोडशमान एफ००० वजा केले की मूळ क्रमांक मिळतो.

फाइल साध्या मजकुराची, म्हणजे टीएक्सटी स्वरूपाची असेल, तर ती यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याची आजची नेहमीची पद्धत, समजून वाचू नये. १२७ च्या वरचा पहिला बाइट आला की पायथन तेथेच थांबेल. ती विंडोज-१२५२ या संकेतप्रणालीने वाचावी. त्या प्रणालीत पाच जागा रिकाम्या आहेत आणि फॉन्टने नेमक्या त्याच वापरल्या असतील तर पुन्हा अडचण येते. तेव्हा लॅटिन-१ वापरावी, जी २५६ पैकी कोणत्याही बाइटवर अडत नाही. मात्र या दोन प्रणालींत १२८ ते १५९ या क्रमांकांचे अर्थ निराळे असल्याने, ज्या प्रणालीने फाइल वाचली तिच्याच हिशेबाने पुढचा तक्ता तयार करावा.

अक्षरांचा तक्ता

स्क्रिप्टचा आत्मा म्हणजे डावीकडे जुना संकेत आणि उजवीकडे त्याचे युनिकोड रूप असलेला तक्ता. तयार तक्ते उपलब्ध असतात, पण त्यांतील अनेक हिंदी मजकूर नजरेसमोर ठेवून केलेले असतात. माझ्या मते आपल्या हातातील फॉन्टचा तक्ता स्वतः करणे हेच शहाणपणाचे आहे आणि त्याला एका संध्याकाळीपेक्षा जास्त वेळ लागत नाही. ३३ ते २५५ या क्रमांकांची सर्व अक्षरे एका फाइलमध्ये एकाखाली एक लिहावीत, शेजारी क्रमांक ठेवावा, अक्षरांना तो जुना फॉन्ट द्यावा आणि ते पान छापून हाताने नोंदी कराव्यात. एकाच घराण्यातील वेगवेगळ्या क्रमांकांच्या फॉन्टमध्ये काही जागा बदललेल्या असू शकतात, म्हणून हे पान फॉन्टगणिक निराळे काढावे.

तक्ता करताना लक्षात येते, की या फॉन्टमध्ये ‘अक्षरे’ नाहीतच, अक्षरांचे तुकडे आहेत. ‘ध’ लिहिण्यासाठी कृतीदेवमध्ये तिरकी रेघ हा अर्धा ध आणि त्यापुढे के, म्हणजे दंड, अशा दोन कळा दाबल्या जातात. एकटा के मात्र काना असतो. ‘ख’ म्हणजे चौकोनी कंस आणि के, ‘ण’ म्हणजे पूर्णविराम आणि के, ‘श’ म्हणजे साधे एकेरी अवतरणचिन्ह आणि के. म्हणून तक्त्यात एकेका कळेबरोबर अशा जोड्यांच्याही नोंदी हव्यात आणि स्क्रिप्टने नेहमी सर्वांत लांब नोंद आधी जुळवून पाहावी. व्ही म्हणजे ‘अ’, व्ही-के म्हणजे ‘आ’ आणि व्ही-के-एस म्हणजे ‘ओ’. हा नियम पाळला नाही तर ‘अ’पुढे काना आणि त्यापुढे मात्रा असे तीन सुटे घटक तयार होतात. काही फॉन्टमध्ये ते पडद्यावर हुबेहूब ‘ओ’सारखे दिसतात, परंतु शोधताना ‘ओवी’ हा शब्द कधीही सापडत नाही. डोळ्यांना बरोबर आणि यंत्राला चूक अशा या चुका सर्वांत घातक, कारण त्या मुद्रितशोधनातही सापडत नाहीत.

यानंतरची गोष्ट मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये तक्त्यातील एकेक नोंद घेऊन ती संपूर्ण मजकुरात बदलायची, मग पुढची नोंद घ्यायची, अशी सोपी व्यवस्था होती. रोमन अक्षरांचे देवनागरी होत असल्याने एकदा बदललेले पुन्हा बदलले जाणार नाही, असा माझा समज होता. विरामचिन्हांनी तो खोटा पाडला. कृतीदेवमध्ये पूर्णविराम उमटतो तो संयोगचिन्हाच्या कळेवर, आणि पूर्णविरामाच्या कळेवर असतो अर्धा ण. माझ्या स्क्रिप्टने आधी संयोगचिन्हांचे पूर्णविराम केले आणि नंतर त्या सर्व नव्या पूर्णविरामांचे अर्धे ण केले. प्रत्येक वाक्य ‘आहेण्’ असे संपू लागले. स्वल्पविरामाचेही तेच: तो उमटतो उजव्या चौकोनी कंसावर, आणि स्वल्पविरामाच्या कळेवर असतो ‘ए’. उपाय असा, की मजकुरावरून डावीकडून उजवीकडे एकदाच जावे, प्रत्येक स्थानी तक्त्यातील सर्वांत लांब जुळणारी नोंद घ्यावी, तिचे उत्तर वेगळ्या ठिकाणी लिहावे आणि पुढे सरकावे. पायथनच्या नियमित पदावलीच्या (मजकुरातील नमुने शोधण्याच्या सोयीच्या) विभागात सर्व नोंदी लांबीच्या उतरत्या क्रमाने ‘किंवा’च्या खुणेने जोडल्या आणि बदलाच्या जागी तक्ता पाहणारे छोटे फंक्शन दिले, की हे एका ओळीत होते. त्या नोंदींत कंस, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह अशी पदावलीत विशेष अर्थ असलेली चिन्हे आहेत, म्हणून प्रत्येक नोंद ‘एस्केप’ या आज्ञेतून काढून मगच जोडावी.

वर्डच्या आपोआप सुधारणेने केलेली हानीही येथेच भरून काढावी लागते. टंकलेखकाने ‘श’साठी दाबलेले सरळ अवतरणचिन्ह वर्डने वळणदार करून ठेवलेले असते, आणि त्या वळणदार चिन्हाला फॉन्टमध्ये निराळा अर्थ असतो. वळणदार एकेरी चिन्हापुढे लगेच के आला असेल तर ते ‘श’ समजावे, अशी जास्तीची नोंद तक्त्यात घातली की बहुतेक शब्द सुधारतात.

वेलांटी आणि रफार

आतापर्यंत मजकूर देवनागरीत आला, पण तो छापील क्रमाने आला आहे, उच्चाराच्या क्रमाने नव्हे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी कागदावर जशी व्यंजनाच्या आधी दिसते तशीच आधी टंकलिखित होते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, कारण ‘कि’ म्हणताना आपण आधी क म्हणतो आणि मग इ. रफाराचे याच्या उलट: जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षर पूर्ण झाल्यावर वर चढवला जातो, आणि युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ अक्षराच्या आधी येतो.

वेलांटी एका व्यंजनापुढे नव्हे, तर संपूर्ण जोडाक्षरापुढे न्यायची असते. ‘स्थिती’ या शब्दात टंकलेखकाने वेलांटी, अर्धा स, थ, त आणि दीर्घ वेलांटी असा क्रम ठेवलेला असतो. वेलांटी नुसती एक पाऊल पुढे नेली तर ‘स’ आणि त्याचे हलन्त यांच्यामध्ये ती अडकते. म्हणून नियम असा लिहावा: वेलांटीची खूण, तिच्यापुढे व्यंजन आणि हलन्त यांची शून्य किंवा अधिक जोडपी, त्यांच्यापुढे एक व्यंजन. हा सगळा गट उचलून आधी व्यंजने आणि शेवटी वेलांटी असा मांडावा.

रफारासाठी उलट दिशेने जावे. खुणेच्या मागे असलेल्या मात्रा (येथे आणि पुढे या शब्दात काना, वेलांट्या, उकार अशी सर्व स्वरचिन्हे येतात) आणि अनुस्वार ओलांडावेत, त्यामागचे संपूर्ण जोडाक्षर ओलांडावे आणि तेथे ‘र्’ ठेवावा. ‘मूर्ती’मध्ये खूण दीर्घ वेलांटीनंतर येते, तेव्हा मात्रा ओलांडण्याचे विसरले तर ‘र्’ त आणि वेलांटी यांच्या मध्ये जाऊन बसेल.

दोन्ही नियम एकाच शब्दात लागू होतात तेव्हा त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. ‘आर्थिक’ हा शब्द घ्या. तक्त्यातून तो आ, वेलांटी, थ, रफाराची खूण, क असा बाहेर येतो. आधी वेलांटी सरकवली तर आ, थ, वेलांटी, रफार, क असे होते. मग रफार वेलांटी आणि थ ओलांडून मागे जातो आणि ‘आर्थिक’ तयार होतो. नेहमी आधी वेलांटी, मग रफार.

तक्त्यात वेलांटीच्या जागी खरी वेलांटी आणि रफाराच्या जागी खरा ‘र्’ लिहू नये. दोहोंसाठी युनिकोडच्या खासगी पट्ट्यातील, अन्यत्र कोठेही न येणारी दोन तात्पुरती चिन्हे ठेवावीत आणि सरकवण्याच्या वेळीच त्यांची खरी चिन्हे करावीत. असे न केल्यास स्क्रिप्ट चुकून दुसऱ्यांदा चालली की आधीच योग्य जागी बसलेली ‘कविता’तील वेलांटी ‘त’च्या पुढे निघून जाते. शिवाय सरकवणे संपल्यावर मजकुरात तात्पुरती चिन्हे उरली असतील, तर तेथे टंकलेखनाची चूक आहे हे आपोआप कळते. ती बहुधा वेलांटीनंतर पडलेली मोकळी जागा असते.

मराठीचे स्वतःचे प्रश्न

हिंदीसाठी केलेली साधने नेमकी येथे थिटी पडतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. दुसऱ्या शब्दातील र अर्ध्या चंद्रासारखा आडवा लिहिला जातो. युनिकोडमध्ये तो ऱ, हलन्त, य असा किंवा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य असा दोन्ही प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही सारखेच दिसतात. कोणताही एक प्रकार ठरवून संपूर्ण साठ्यात तोच ठेवावा. मी पहिला निवडतो, कारण अदृश्य चिन्हे मजकुराची ने-आण करताना गळून पडतात आणि ‘वाऱ्या’चा ‘वार्या’ होतो.

‘ॲ’लाही अशीच दोन रूपे आहेत. या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो युनिकोडच्या २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र चढवलेला किंवा हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरलेला आढळतो. पायथनमधील युनिकोड प्रमाणीकरणाची एनएफसी ही प्रक्रिया शेवटी अवश्य चालवावी, मात्र ती हे भेद मिटवत नाही. ते आपल्याच नियमांनी मिटवावे लागतात.

याच टप्प्यावर अनुस्वार आणि मात्रा यांचा क्रमही सरळ करावा. ‘कुंकू’मध्ये आधी उकार मग अनुस्वार, की उलट, हे कागदावर कळत नसे, म्हणून टंकलेखक दोन्ही प्रकारे लिहीत. अनुस्वार चुकून दोनदा दाबला तरी एकावर एक उमटल्याने छपाईत तो खपून जाई. युनिकोडमध्ये असे दुहेरी चिन्ह ठिपक्यांच्या वर्तुळासह लोंबकळत राहते. लागोपाठ आलेल्या एकाच चिन्हाचे एक करणारा नियम त्यासाठी पुरेसा आहे.

ओळी आणि परिच्छेद

छपाईच्या सोयीसाठी पूर्वी प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबलेला असे. अशा ओळी जोडण्यासाठी, ओळ पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह किंवा मिटत्या अवतरणचिन्हाने संपत नसेल तर पुढची ओळ तिला जोडावी, हा नियम गद्याला बऱ्यापैकी लागू पडतो. पद्याला अजिबात पडत नाही. एका जुन्या अंकातील अभंग मी याच नियमाखाली घातले आणि त्यांचे सलग परिच्छेद झाले, जे माझ्या लक्षात येईपर्यंत पुढे पाठवलेही गेले होते. आता माझी स्क्रिप्ट आधी दुहेरी दंड, त्यांमधील अंक आणि ‘धृ’ यांची खूण शोधते, आणि ज्या भागात ती सापडेल किंवा लागोपाठच्या चार ओळी आखूड असतील तो भाग हात न लावता सोडते. मुक्तछंदातील कविता तरीही निसटतात; त्यांची पाने हाताने नेमून द्यावीत.

लेखांची सूची करायची असेल, तर शीर्षक, लेखक आणि पृष्ठ हे रकाने सीएसव्ही फाइलमध्ये लिहावेत आणि ती यूटीएफ-८-सिग या प्रकाराने साठवावी. त्याने फाइलच्या आरंभी एक छोटी खूण पडते, जिच्यावाचून एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडलेली फाइल पुन्हा अगम्य दिसू शकते. सूचीचा वर्णक्रम मात्र पायथनवर सोडू नये. तो क्रमांकांनुसार लावतो, म्हणून ‘ळ’ ‘ल’च्या लगेच पुढे येतो आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ अनुक्रमे ‘क’ व ‘ज’मध्ये जाऊन बसतात, तर आपली वर्णमाला या तिघांना ‘ह’नंतर ठेवते.

पडताळणी

स्क्रिप्टला शेवटी तीन याद्या काढायला लावाव्यात. पहिली, रूपांतरित भागात उरलेल्या रोमन अक्षरांची, प्रत्येकाची संख्या आणि आजूबाजूच्या काही शब्दांसह. तक्त्यातील राहून गेलेल्या नोंदी हिच्यातून कळतात. दुसरी, अशक्य जोड्यांची: शब्दाच्या आरंभी मात्रा, हलन्तापुढे मात्रा, एका व्यंजनावर दोन मात्रा, ‘अ’पुढे काना. तिसरी, साठ्यात केवळ एकदाच आलेल्या शब्दांची. मराठीत प्रत्ययांमुळे ही यादी लांब होते, पण चुकीचे शब्द बहुतेक तिच्यातच असतात, आणि शेवटच्या अक्षरानुसार लावली तर एकाच प्रकारच्या चुका शेजारी येतात.

या तिसऱ्या यादीसाठी शब्द वेगळे करताना पायथनच्या नियमित पदावलीतील ‘शब्दघटक’ ही सोपी खूण वापरू नये. ती मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात आणि यादी कचऱ्याने भरते. शब्द मोकळ्या जागांवर तोडावेत आणि कडेची विरामचिन्हे काढावीत. अंकांबाबत मात्र पायथन उदार आहे. ‘१९८७’ ही देवनागरी अंकांची मालिका तो थेट संख्या म्हणून स्वीकारतो, त्यामुळे पृष्ठक्रमांक आधी इंग्रजी अंकांत बदलण्याची गरज नाही.

याद्या कोऱ्या आल्यावरही प्रत्येक अंकाचे एक पान छापील प्रतीशी ओळीने ओळ ताडून पाहावे. पान निवडताना साधे गद्य घेऊ नये. तळटिपा, संस्कृत अवतरणे आणि विशेषनामे ज्या पानावर दाटलेली असतील ते घ्यावे, कारण अपरिचित जोडाक्षरे तेथेच असतात. चूक सापडली तर ती तयार मजकुरात दुरुस्त करू नये. तक्त्यात किंवा नियमात दुरुस्त करावी आणि सर्व फाइली मूळ प्रतींपासून पुन्हा चालवाव्यात. संपूर्ण साठ्याला यंत्राची काही मिनिटेच लागतात, आणि तीच चूक इतर अंकांत दडलेली असेल तर तीही त्याच फेरीत निघून जाते.